प्रभुभोजनाचा द्राक्षारस घरी कसा करायचा (अन् "तुमच्यात तं दारू चालते ना" याले काय सांगायचं)

आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजून चौदा, त्यामुळे कापूस वेचायला जा, दळण घेऊन चक्कीवर जा की बचत गटाच्या मीटिंगला बसा, एक प्रश्न ठरलेलाच. "काहो बाई, तुमच्यात तं दारू चालते ना? चर्चमधीच देतेत म्हणे बाप्पा." आधी मला भलताच राग यायचा. आता येत नाही, कारण विचारणारीची काय चूक, तिनं पिक्चरमध्ये जो ख्रिस्ती माणूस पाहिला त्याच्या हातात ग्लास होताच. त्यात आमचा जिल्हा वर्धा, १९७४ पासून दारूबंदी, कागदावर तरी. पोलिसांची गाडी हातभट्टी फोडायला येते तेव्हा अख्खं गाव बघायला जातं, आणि अशा जिल्ह्यात आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर अन् द्राक्षारस घेतो त्या विधीत, प्याला हातात घेऊन "हे ख्रिस्ताचं रक्त" म्हणतो, म्हणजे लोकांना कुतूहल वाटणारच की.

तो प्याला भरायचं काम आमच्या घरात सासूबाईंकडून माझ्याकडे आलं. मला कोणी शिकवलं नव्हतं, चुका करत शिकले, त्यातली एक चूक तर अशी की अजून आठवली की पोटात गोळा येतो, ती खाली सांगते. ज्यांच्याकडे हे काम नवीन आलंय त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहून ठेवते.

आधी तो शब्द नीट समजून घ्या

आपल्या मराठी बायबलमध्ये वाईनला "द्राक्षारस" म्हटलंय, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. मराठी माणसाला द्राक्षारस म्हटलं की ऊसाच्या रसासारखा द्राक्षाचा रसच डोळ्यासमोर येतो, बर्फ टाकून प्यायचा. मग आपल्यातलेच काही जण छाती ठोकून सांगतात की येशूनं काना गावच्या लग्नात पाण्याचा ज्यूस केला होता. मला स्वतःला हे पटत नाही. त्याच बायबलमध्ये नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला, पेन्टेकॉस्टच्या दिवशी लोकांनी शिष्यांची थट्टा केली की हे नव्या द्राक्षारसानं मस्त झालेत, आणि इफिसकरांच्या पत्रात पौल म्हणतो द्राक्षारसानं मस्त होऊ नका. ज्यूसनं कोण मस्त होते बाप्पा? शब्द तोच आहे, आणि तो चढणारा होता.

पण दुसरी बाजू पण खरीच आहे. तेव्हाचा द्राक्षारस म्हणजे द्राक्षं आंबवून केलेला, आणि तो बरेचदा पाणी मिसळून प्यायचे. भट्टी लावून, वाफ थंड करून काढलेली कडक दारू त्या काळच्या माणसाच्या जेवणात नव्हतीच, ती पुष्कळ शतकांनंतरची गोष्ट. आपल्याकडं मोहाफुलाची जी पहिल्या धारेची निघते तिच्याशी येशूच्या ताटातल्या प्याल्याची तुलना करणारा माणूस एकतर अडाणी आहे नाहीतर पिलेला आहे.

अजून एक गंमत, ही मला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दाखवली. शेवटच्या भोजनाची गोष्ट जिथं जिथं आहे, मत्तय, मार्क, लूक, तिथं त्या प्याल्यासाठी "द्राक्षारस" हा शब्दच येत नाही. "प्याला" येतो आणि "द्राक्षवेलाचा उपज" येतो. तो ज्यू लोकांचा वल्हांडणाचा सण होता, त्या जेवणात द्राक्षारस असायचाच, त्यामुळे प्याल्यात काय होतं याबद्दल शंका नाही, पण शब्द मात्र वेलाचा आहे. म्हणूनच मनुक्याचं पाणी वापरणाऱ्या मंडळ्या म्हणतात की वेल तोच आहे, आमचं चालतं. माझं पण हेच मत.

कोणत्या चर्चमध्ये काय, हे विचारल्याशिवाय काही करू नका

तुम्ही कॅथलिक असाल तर हे काम तुमच्या स्वयंपाकघराचं नाहीच. तिथं नियम पक्का, द्राक्षाचीच वाईन, नैसर्गिक, न बिघडलेली, त्यात फादर थेंबभर पाणी घालतात. मनुक्याचं उकळलेलं पाणी चालत नाही. फादरांनाच दारूचा त्रास असेल तर बिशपांच्या परवानगीनं मुस्टम नावाचा, जेमतेम आंबायला लागलेला द्राक्षाचा रस वापरता येतो, पण आपल्या मनानं कोणी नाही. त्यांचा विश्वास असा की मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, दिसायला तेच राहतात पण असतात वेगळे, मग वस्तू बदलायची मुभा कशी देणार. आणि गावच्या मिस्साला लोकांना बहुतेक वेळा नुसती भाकरच मिळते, ती पांढरी गोल पापडी, प्याला फादर घेतात. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेनं लोकांचा प्याला बंदच केला होता, आता काही प्रसंगी देतात. नुसती भाकर घेतली तरी पूर्ण ख्रिस्त मिळाला असं ते मानतात, त्यामुळे दारू सोडलेल्या माणसाला तिथं अडचण येत नाही, हे मला खरंच आवडतं.

आमच्याकडचं वेगळं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आपल्या नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० ला झालं, सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एक होऊन, म्हणून त्याच नावाच्या दोन देवळांत दोन पद्धती दिसल्या तर गोंधळू नका. ज्यांचं मूळ अँग्लिकन तिथं एकच मोठा प्याला फिरतो, ज्यांचं बाप्टिस्ट तिथं छोटे ग्लास. मेथडिस्ट, अलायन्स, पेन्टेकॉस्टल, अ‍ॅडव्हेंटिस्ट यांच्याकडं साधारण न आंबवलेलंच असतं. साल्व्हेशन आर्मीवाले तर प्रभुभोजनाचा विधीच करत नाहीत, तिथं पाहुणे म्हणून गेलात तर प्याल्याची वाट पाहत बसू नका.

अर्थावरून भांडण काही आजचं नाही. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन प्रोटेस्टंट पुढारी समोरासमोर बसले, बाकी बहुतेक सगळ्यावर जमलं आणि नेमकं याच्यावर अडलं. ल्यूथर म्हणे "हे माझं शरीर आहे" म्हणजे आहे, झ्विंगली म्हणे ही आठवण आहे. आमच्या चौदा घरांत पण दोन्ही मतं आहेत आणि सगळे एकाच सतरंजीवर बसतात. मी विचार करून करून दमले, मग एवढं धरलं की प्याला हातात आला की "माझ्या स्मरणार्थ हे करा" हे ऐकायचं आणि पौलानं सांगितल्यासारखं आधी स्वतःला तपासायचं.

मग ख्रिस्ती माणसानं प्यावी का नाही

चक्कीवर उत्तर द्यायचं असेल तर लांबण लावू नका. मी म्हणते, "पिऊन तर्र होणं आमच्यात पाप आहे, थोडी घेण्याबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत, अन् चर्चमधी देतो तो मनुक्याचा रस आहे, या रविवारी ये, दाखवते." दोन बाया खरंच आल्या होत्या. बाटलीचा वास घेऊन एक म्हणाली, "हे तं आपलं बाळंतिणीचं मनुक्याचं पाणी हाय."

घरच्या चर्चेसाठी मात्र थोडं जास्त माहीत असावं, कारण पिणारा माणूस वचनं पाठ करून येतो. तो हमखास पौलानं तीमथ्याला लिहिलेलं वचन काढणार, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून. त्याला म्हणायचं, बरोबर, "थोडा" आणि "पोटासाठी", आणि तो तीमथ्य आधी नुसतं पाणीच पीत होता हे त्याच वचनात आहे, तुम्ही कधी पाणी पीत होते? मग तो काना काढेल. काना गावी सहा दगडी रांजण होते, एकेकात दोन-तीन मण पाणी मावेल असे, म्हणजे सगळे मिळून पाचशे लिटरच्या आसपास, हे खरंच, आणि येशूला पेटू आणि दारूबाज म्हणणारे लोक होते हे पण खरंच. स्तोत्रात द्राक्षारसानं माणसाचं मन आनंदित होतं असंही लिहिलंय. हे लपवू नका. लपवलं की पोरं मोठी होऊन स्वतः वाचतात आणि मग आपल्या बाकी बोलण्यावरचा पण विश्वास जातो.

कॅथलिक चर्चची भूमिका म्हणूनच अशी की पिणं स्वतःहून पाप नाही, नशा आणि अतिरेक पाप. मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट मंडळ्यांनी दीडशे-दोनशे वर्षांत ठरवलं की हातच लावायचा नाही. त्यांचा आधार रोमकरांच्या पत्राचा चौदावा अध्याय, तुझ्या पिण्यानं भाऊ अडखळत असेल तर न प्यालेलं बरं. मी या दुसऱ्या बाजूची, आणि कारण धर्मशास्त्राचं कमी आणि गावाचं जास्त. नीतिसूत्राच्या तेविसाव्या अध्यायात दारुड्याचं जे वर्णन आहे ना, डोळे लाल, विनाकारण जखमा, मार बसला तरी कळला नाही, उठलो की परत पाहिजे, ते वाचलं की मला शलमोन आमच्या बसस्टँडवर बसून लिहून गेला असं वाटतं.

आता करायचं कसं

लागतं काय, तर काळे मनुके पाव किलो, पाणी सव्वा लिटर, स्टीलचं पातेलं, सुती फडकं, काचेच्या बाटल्या. झालं. साखर नको, रंग नको, लिंबू नको. बेदाणे घेतले तर चव येते पण रंग चहासारखा येतो, म्हणून बियांचे काळे मनुकेच घ्या, ते किराण्यात नाही मिळाले तर पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात करू नका, आंबट उतरतं त्यात, कळकते.

मनुके दोन-तीन पाण्यातून चोळून धुवा, देठं काढा. मग उकळतं पाणी ओतून झाकून ठेवा, चार तास पुरे. बहुतेक जण रात्रभर भिजवायला सांगतात, ते पुण्या-मुंबईचं झालं, आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत गार पाण्यात रात्रभर ठेवलं की सकाळी फेस दिसू शकतो. त्याच पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, रवीनं किंवा डावानं चांगलं चेचा, परत पाच मिनिटं उकळा आणि गरम असतानाच फडक्यातून गाळा. पिळताना हात भाजतो, चिमट्यानं धरा. एका लिटरच्या आसपास निघतं. एका छोट्या ग्लासात पंधरा मिली धरा, म्हणजे साठ लोकांना नऊशे मिली, आमच्या मंडळीला पाहुण्यांसकट भरपूर होतं.

फेब्रुवारी ते एप्रिल नाशिकची काळी द्राक्षं आली की ताज्याचं पण करता येतं, रंग असा येतो की बघत राहावं. एक किलो द्राक्षं मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून चांगली धुवायची, फवारणी असते त्याच्यावर. मग अर्धा पेला पाणी घालून शिजवायची, चेचून गाळायची आणि गाळलेला रस परत एक उकळी. ही शेवटची उकळी चुकवू नका, सगळी मेख तिथंच आहे.

द्राक्षाच्या सालीवर खमिराचे जीव असतातच, साखर मिळाली आणि गरमी मिळाली की ते ती साखर खाऊन दारू करतात, आपल्याला विचारत नाहीत. उकळीत ते मरतात. १८६९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या व्हाइनलँड गावी थॉमस वेल्च नावाचा दातांचा डॉक्टर होता, मेथडिस्ट माणूस. पाश्चरची गरम करायची रीत वापरून त्यानं प्रभुभोजनासाठीच न आंबणारा द्राक्षाचा रस केला, पुढं त्याचा मोठा धंदा झाला. त्यानं जे केलं तेच आपण गॅसवर करतोय. पण उकळलेला रस उघडा ठेवला, ओल्या बाटलीत भरला, वरून माठातलं पाणी घातलं की जीव परत आत. म्हणून बाटल्या दहा मिनिटं उकळत्या पाण्यात घालून, उपड्या करून कोरड्या करायच्या, रस गरम असतानाच काठापर्यंत भरायचा, झाकण घट्ट. फ्रिजमध्ये तीन दिवस. फ्रिज नसेल तर शनिवारी संध्याकाळी करा आणि रविवारी वापरा.

माझी चूक

एका वर्षी आज्ञा-गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या, रात्रीच्या प्रभुभोजनासाठी रस केला होता, पाऊण बाटली उरली. म्हटलं ईस्टरच्या रविवारी हाच चालेल, मनुके महाग झालेले. एप्रिलचं ऊन, शुक्रवारी दिवसभर लाइट नाही, शनिवारी अर्धा दिवस नाही. रविवारी सकाळी घाईत बाटली पिशवीत टाकली, मेजाजवळ उघडली तर फस्स करून आवाज आला आणि बोटावर फेस. मला वाटलं हलली असेल. वास घ्यायला पाहिजे होता, नाही घेतला. ओतले ग्लास.

आमच्या मंडळीत एक मामा आहेत, दारू सोडून चार वर्षं झाली होती तेव्हा. आधी ते हातभट्टीपाशी पडलेले असायचे, मामी शेतातून येऊन त्यांना बंडीत घालून न्यायची. ते पहिल्या ओळीत बसतात. मी ट्रे पुढं केला, त्यांनी ग्लास उचलला, नाकाजवळ नेला आणि तसाच थांबवला. बाकी सगळे डोळे मिटून. हळूच मला म्हणाले, "पोरी, हे लागलं हाय. वास येऊन राह्यला." आणि ग्लास परत ट्रेमध्ये ठेवला, इतका सावकाश की थेंब हलला नाही, हात मात्र थरथरत होता.

मी ट्रे घेऊन पाळकसाहेबांकडे गेले, त्यांना कानात सांगितलं. त्यांनी सगळ्यांना थांबवलं. शेजारच्या घरून मनुके आणून परत उकळेपर्यंत पाऊण तास गेला, लोक गाणी म्हणत बसले. त्या दिवशी वाचन कोणतं घेतलं माहीत आहे का, करिंथकरांचा अकरावा अध्याय, तिथं एक उपाशी राहतो आणि दुसरा मस्त होतो म्हणून पौल रागावतो आणि शेवटी सांगतो की एकमेकांची वाट पाहा. मी खाली मान घालून बसले होते.

तेव्हापासून उरलेला रस मी दुसऱ्या विधीला वापरत नाही, मनुके कितीही महाग होवोत. झाकण उघडताना आवाज आला, काठाशी बुडबुडे दिसले, चव जिभेला चुरचुरली, तर तो रस गेला. आणि हे नुसतं मनाचं नाही. दारू सोडवायच्या काही गोळ्या अशा असतात की त्या चालू असताना घोटभर दारू पोटात गेली तरी माणूस लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते. मंडळीत कोणी अशी गोळी घेतंय का हे आपल्याला कोण सांगणार, कोणी सांगत नसतं. दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये गेलात, तिथं खरी वाईन असेल आणि तुम्ही सोडलेली असेल, तर नुसती भाकर घ्या, प्याला आला की मान हलवून पुढं जाऊ द्या. कोणी काही म्हणत नाही, म्हटलंच तर म्हणू द्या.

खरी वाईनच लागते असं म्हणणाऱ्या मंडळीनं वर्धा किंवा गडचिरोलीत (तिथं १९९३ पासून बंदी) नागपूरहून बाटली पिशवीत घालून आणायचा शहाणपणा करू नये. कायद्यात धार्मिक विधीसाठी परवानगीची सोय आहे, ती पाळकांनी किंवा फादरांनी रीतसर घ्यायची असते, आपण नाही. चंद्रपूरची बंदी २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली, तिथल्या लोकांचं वेगळं.

मेजावर

भाकर म्हणून आमच्याकडं बिनमिठाची, बिनतेलाची गव्हाची जाड पोळी करतात, खमीर नाही. माझ्या आजेसासूबाईंना मरेपर्यंत वाटायचं की येशूनं ज्वारीची भाकर मोडली, बायबलमध्ये भाकरच लिहिलंय ना, आणि मोडतात तर भाकरच, पोळी तर फाडतात. मला त्यांचं कधी खोडावंसं वाटलं नाही. पोळी सकाळची ताजी करा, आदल्या रात्रीची चिवट होते आणि मोडताना पाळकसाहेबांची फजिती होते.

ग्लास काचेचे असतील तर मोजून न्या, मोजून आणा, पोरं खिशात घालतात. कोरोनापासून आम्ही मोठा प्याला बंदच केला. ओतायला चहाची किटली सगळ्यात सोपी, नवीन घ्या, चहाची वापरली तर वास राहतो. मेजपोस पांढरा असतो आणि मनुक्याचा डाग निघत नाही, ट्रेखाली जाडं फडकं घाला.

ग्लासात उरलेलं आणि मेजावरचं मोरीत ओतू नका. कॅथलिकांकडं फादर सगळं संपवून, प्याला पाण्यानं धुऊन ते पाणी पण पितात. आमच्याकडं वडील मंडळी पिऊन टाकतात, नाहीतर चर्चमागच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओततो. बाटलीतलं न ओतलेलं लेकरं पितात, आणि चर्च सुटायच्या आधीच दारात येऊन उभी असतात.

आणि मनुक्याचा चोथा फेकू नका. बिया काढून, थोडा गूळ घालून कणकेत मळला की गोड पोळ्या होतात, त्या मी मामींकडं पाठवते, मामांना आवडतात.